उतारावरून आलेला

२ फेब्रुवारी

पोहोचलो एकदाच्या. सामानाच्या गाडीत दोन खुर्च्यांचे पाय गेले, पण सासूबाईंचा आरसा धड आला. आरशाबद्दल त्यांनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि खुर्च्यांबद्दल त्याची खरडपट्टी काढली, दोन्ही एकाच बैठकीत. शेवटी तो बिचारा खुर्च्यांचे पाय ठोकून देऊनच गेला.

घर बघून हरखून गेलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. अंगणात कपडे धुवायचा मोठा दगड आणि त्याच्यापलीकडे छातीइतकी भिंत. भिंतीला लागूनच टेकडी सुरू होते. वरपर्यंत एक झाड नाही, नुसतं वाळकं गवत. मधे भिंत थोडी ढासळली आहे, त्यामुळे टेकडी अंगणात पाय सोडून बसल्यासारखी वाटते. सासूबाई म्हणाल्या, चला, शेजार तरी शांत आहे.

घर कंपनीचं. ज्या चित्रपटाच्या कामासाठी मी इथे आले, त्यात हीच टेकडी कोसळते आणि हेच घर तिच्याखाली सापडतं. कंपनीने टेकडीचे आणि घराचे आतून-बाहेरून फोटो काढून ते संगणकात जसंच्या तसं उभं केलं आहे. काम झाल्यावर घर रिकामं कशाला ठेवायचं, म्हणून नव्या माणसाला देऊन टाकलं. नवं माणूस म्हणजे मी.

माझा नवरा गेल्याला आता दुसरं वर्ष लागलं. तेव्हापासून मी फार कमी बोलते, अशी सासूबाईंची तक्रार आहे. ही वही त्यांनीच घेऊन दिली. बोलायचं नसेल तर लिहीत जा, म्हणाल्या, घरात कुणाला तरी कंठ फुटू दे. म्हणून लिहिते आहे. इथे बरं वाटेल असं वाटतंय.

६ फेब्रुवारी

आमच्या विभागाच्या प्रमुखाला सगळे मुकादम म्हणतात, कारण तो दिवसभर दगड मोजत असतो. स्वभावाने चांगला आहे. पहिल्याच दिवशी स्वतःची चांगली खुर्ची मला दिली आणि स्वतः डुगडुगणारी घेतली. शेजारी एक मुलगी बसते, ती दगडांचे पृष्ठभाग रंगवते. तिला रंगवाली म्हणतात. मला अजून नुसतं ‘नवी’.

सासूबाईंनी आज पुन्हा विचारलं की तू तिथे नेमकं करतेस काय. मी नळाचं उदाहरण दिलं. एमिटर म्हणजे एक नळ, पण त्यातून पाण्याऐवजी वस्तू पडतात. दगड, विटा, मोटारी, सांगाल ते. वस्तू जन्मली की तिला वजन द्यायचं, वेग द्यायचा, हवी तर थोडी गिरकी. पुढे आपण हात लावायचा नाही. ती आपली पडते, आपटते, घरंगळते आणि कुठेतरी जाऊन थांबते. या सगळ्याचं गणित सॉल्व्हर नावाचा प्रोग्रॅम करतो. वस्तू थांबली की सॉल्व्हर तिला झोपवून टाकतो, म्हणजे तिचं गणित बंद. दुसरं काही येऊन आदळलं तरच ती जागी होते.

सासूबाई विचार करून म्हणाल्या, म्हणजे अगदी तुझ्यासारखीच की गं.

आम्ही दोघी हसलो. त्या जास्त, मी थोडी.

१० फेब्रुवारी

दिवसभर आपल्याच घरावर दगड सोडायचे आणि संध्याकाळी त्याच घरात येऊन चहा प्यायचा. गंमत आहे.

टेकडीच्या माथ्यावर एमिटर लावला आहे. दगडांची गर्दी झाली की कुठला कुठे गेला ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून रंगवालीला सांगून एका दगडाला कडेकडेने जाड पांढरा पट्टा काढून घेतला. मुकादमाने त्याचं नाव लगेच ‘पट्टेवाला’ ठेवलं. आज पट्टेवाला मस्त आला. ढासळलेल्या जागेतून उडी मारून थेट अंगणात, आणि कपडे धुवायच्या दगडाला टेकून थांबला. मुकादम म्हणाला, हजेरी लावली बघा साहेबांनी.

११ फेब्रुवारी

सकाळी सासूबाईंनी अंगणातून हाक मारली. त्यांना एक छान दगड सापडला होता, दाराला टेकू लावायला. मी जाऊन बघितलं.

पांढरा पट्टा. कपडे धुवायच्या दगडाला टेकलेला. खालच्या अंगाला रंगवालीने घाईत सोडलेला कोपरा, तोसुद्धा तसाच, कोरा.

मला भीती वाटायला हवी होती. मी तिथे उभी राहून तिची वाट बघितली. आली नाही. मग मी अंघोळ करून कामावर गेले.

१६ फेब्रुवारी

चार दिवस रोज सकाळी अंगण बघते आहे. आदल्या दिवशी पडद्यावर जे दगड अंगणात थांबतात ते तिथेच असतात. दूधवाल्याने विचारलं, मागे बांधकाम काढलंय का.

काल खात्री करून घेतली. कंपनीच्या संगणकातल्या साठ्यात लहान मुलांची एक निळी तीनचाकी सायकल आहे, कुठल्या तरी जुन्या कामातली. दगड काढून टाकले आणि एमिटरमधून ती सोडली, एकच. आज सकाळी ती अंगणात आडवी पडली होती. तिची चाकं फिरत नाहीत. साठ्यातली सायकल एकाच तुकड्याची आहे, चाक आणि दांडा वेगळा केलेलाच नाही. सासूबाई चाक फिरवायला गेल्या आणि त्यांच्या बोटाला कळ लागली. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

सांगून टाकलं. त्या वेड्यात काढतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली, सायकल पुसली आणि भिंतीशी उभी करून ठेवली. दिवसभर मग एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या घरात मी गप्प असते, त्या नाही.

१९ फेब्रुवारी

सासूबाईंनी जेवताना विचारलं की नुसत्या वस्तूच सोडता येतात का.

मला कळलं पुढे काय येणार. तरी मी म्हटलं, म्हणजे काय.

मग त्यांनी सगळं सांगितलं, ताट बाजूला सारून. माझा नवरा गेला त्याच्या दोन वर्षं आधी एका सुट्टीला लॅपटॉप घेऊन घरी आला होता. आम्ही दोघं तेव्हा एकाच कंपनीत होतो. चाचणीसाठी माणूस हवा म्हणून कंपनीने सगळ्यांना एकेक करून उभं केलं होतं, हात पसरून, आणि चहूबाजूंनी फोटो काढून प्रत्येकाचा त्रिमितीय पुतळा संगणकात घेतला होता. त्याने स्वतःचा पुतळा आईला गरागरा फिरवून दाखवला होता. बुजगावणं दिसतोस, असं त्या तेव्हा त्याला म्हणाल्या होत्या. ते आठवून त्यांना हसू आलं.

मग त्यांनी विचारलं, आहे का गं अजून तो तुझ्याकडे?

मी नाही म्हटलं. त्या पुतळ्याची डिस्क कपाटात माझ्या कपड्यांखाली आहे. ती तिथे आहे हे त्यांना माहीत असणार. माझे कपडे घड्या घालून त्याच ठेवतात.

२६ फेब्रुवारी

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या अंगणात बसतात, टेकडीकडे तोंड करून. आज मी कामावरून आले तर अंगण झाडून, धुऊन ठेवलं होतं. सगळे दगड उचलून एका कोपऱ्यात रचले होते. या वयात. हात सोलवटले होते. मी मलम लावायला घेतलं तेव्हा म्हणाल्या, एकदाच. नुसतं बघायचं. तुला नाही वाटत बघावंसं?

खरं उत्तर असं की मला काहीच वाटत नाही. तो दवाखान्यात होता तेव्हाही शेवटी शेवटी वाटेनासं झालं होतं. ज्याला दुखतं त्याला नाही म्हणता येतं. मला नाही म्हणायला आत काही सापडलं नाही.

हो म्हटलं.

२ मार्च

सगळे जेवायला गेले तेव्हा केलं. डिस्क लावली. तो पडद्यावर उभा राहिला, हात पसरून, निळ्या शर्टात, खिशाला पेन. नजर थोडी डावीकडे. त्या दिवशी मी डावीकडे उभी होते, त्याला हसवत होते.

मान, खांदे, कोपर, कंबर, गुडघे, एवढे सांधे दिले. वजन दिलं ते आजाराच्या आधीचं. एमिटरला संख्या दिली एक. वेग अगदी थोडा. गिरकी नाही.

तरी उतार तो उतारच. पहिल्यांदा तो डोक्यावर आला आणि भिंतीवर आदळला. मान मागे गेली. मी ते पुसलं. मग एमिटर खाली आणला, अजून खाली, भिंतीपर्यंत. वेग काढूनच टाकला. पुन्हा पुन्हा सोडला. शेवटी तो ढासळलेल्या जागेतून हळूच आत आला, एका कुशीवर वळला आणि थांबला. घरी झोपायचा तसा.

जेवण टेबलावर तसंच राहिलं. रंगवालीने विचारलं, भूक नाही का. मी नाही म्हटलं.

३ मार्च

उजाडलं तेव्हा सासूबाई आधीच अंगणात होत्या. त्याचं डोकं मांडीवर घेतलेलं. स्वतःचा स्वेटर काढून त्याच्या अंगावर घातलेला. हळू आवाजात त्याला काहीतरी सांगत होत्या. मी दारात उभी राहिले.

त्यांनी वर बघून मला सांगितलं की आवाज करू नकोस, दमून आलाय.

आम्ही दोघींनी मिळून त्याला आत आणला. वजन बरोबर होतं.

५ मार्च

तो आतल्या खोलीत पलंगावर आहे.

शर्टाची बटणं निघत नाहीत. शर्ट वेगळा नाहीच, अंग आणि शर्ट एकच आहे. पेन खिशातून निघत नाही. केस एका तुकड्याचे. ओठांची रेघ आहे, पण ती उघडत नाही, तिच्यामागे काही नाही. कानांची भोकं बोटाच्या पेराइतकीही खोल नाहीत. पायाला तळवे नाहीत, तिथे नुसतं गुळगुळीत आहे, कारण तो उभा असताना तळव्यांचा फोटो निघाला नव्हता. श्वास नाही. गारही नाही. खोली जेवढी गार तेवढाच. डोळे उघडे, डावीकडे.

सासूबाई सकाळी त्याच्या उशाशी चहा ठेवतात आणि संध्याकाळी तो ओतून कप विसळतात. मला म्हणाल्या, तू त्याच्या डावीकडे बसत जा, म्हणजे तो तुझ्याकडे बघेल. मी बसले. बघत होता.

रडू यायला हवं होतं. मी तिथे बसून नखं कापली.

६ मार्च

आज सकाळी अंगणात आणखी एक होता.

तसाच. निळा शर्ट, पेन, त्याच कुशीवर.

मी माझी चाचणी मशीनवरून त्याच दिवशी पुसली होती. मुकादमाला विचारलं. तो खूश होता. म्हणाला, मशीनने आपोआप ठेवलेल्या प्रतीत तुमची चाचणी पाहिली, काय सुंदर पडतो हो तो माणूस! दगड पडतात ते कुणीही करेल, हे काळजाला भिडतं. त्याने ती काल पुन्हा चालवून दिग्दर्शकाला दाखवली. दिग्दर्शकाला आता दगडांबरोबर माणसं हवी आहेत. दुसरे पुतळे तयार होईपर्यंत हाच वापरायचं ठरलं.

तो कोण आहे असं त्याने विचारलं. साठ्यातला आहे, असं मी सांगितलं.

८ मार्च

अंगणात पाच.

सासूबाई त्यांना आत आणतात. मी मदत करते. एकाला पलंगावर, एकाला खुर्चीवर बसवलं, गुडघे वाकतात म्हणून. बाकीचे भिंतीशी. सासूबाई कपही वाढवत चालल्या आहेत. पहिला कुठला हे आता मला सांगता येत नाही. त्यांना येतं म्हणतात.

मी म्हटलं, आई, हा तो नाही. त्या म्हणाल्या, मला कळत नाही का? कळतं गं. पण बाहेर कसं टाकू? तू टाकतेस का, टाक बरं.

मी एकाला काखेत धरून दारापर्यंत नेला. मग परत आणून ठेवला.

९ मार्च

काल मुकादमाने प्रमाण वाढवलं. एमिटर लहान, माणसं जास्त. एकाच जागी दोन जन्मायला लागली, एक दुसऱ्याच्या आत. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वस्तू एकमेकींत अडकून जन्मल्या तर सॉल्व्हरला ते चालत नाही, तो त्यांना पूर्ण ताकदीने वेगळं करतो. पडद्यावर दोघं स्फोटासारखे उडाले. एक स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेला. सगळे हसले. रंगवालीसुद्धा.

आज सकाळी स्वयंपाकघराची खिडकी नव्हती. चौकटीसकट नव्हती. तो ओट्याखाली पडला होता. दुसरा भिंतीत रुतला होता, कमरेपर्यंत.

सासूबाईंनी काचा गोळा केल्या. त्याला लागलं का, ते बघत बसल्या.

१० मार्च

मुकादमाला सगळं सांगितलं. दगडापासून. नवऱ्याबद्दलही सांगितलं. त्याने मधे तोडलं नाही. त्याचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं नाही, त्याला वाटलं. म्हणाला, आधी का नाही बोललात, मी तुमच्या माणसाला असा – मला खरंच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, चला घरी, दाखवते. तो म्हणाला की नको, तुम्ही आधी झोप काढा. आठवडाभर रजा दिली. पुतळा बदलायला सांगतो म्हणाला, नवा तयार झाला की लगेच. तोवर शॉट थांबवता येत नाही, ते त्याच्याही हातात नाही.

आणि मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की ते भिंतीवर आदळणं तरी आता बंद होईल. दिग्दर्शकाने बदल सांगितला आहे. माणसं टेकडीवरून यायला नकोत. ती घरातून यायला हवीत. आतून, दारा-खिडक्यांतून बाहेर सांडायला हवीत.

एमिटर घरात लावणार आहेत.

माझा पासवर्ड रजेपुरता बंद केला आहे. विश्रांती मिळावी म्हणून.

११ मार्च

आईंना म्हटलं, आज निघू या. स्टेशनवर बसू, कुठेही जाऊ. पिशवी भरली. त्यांनी ऐकून घेतलं. विचारलं, म्हणजे आता तो बाहेरून यायचा नाही, घरातच यायचा?

हो म्हटलं.

त्या म्हणाल्या, मग मी बाहेर कुठे जाऊ?

हात धरून ओढलं मी. सासूबाईंना. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी पलंगाचा खूर धरून ठेवला. मग मी सोडलं. पिशवी दारात आहे.

१२ मार्च

कपाटात. दार फोडून बाहेर आला. माझे कपडे त्याच्या अंगात – अंगावर नाही.

मोरीत दोन.

बैठकीच्या जमिनीतून एक, छातीपर्यंत. नजर डावीकडे.

दूधवाला आला. पुढचं दार अर्धंच उघडलं, मागे कुणीतरी आहे. त्या फटीतून पिशवी घेतली. त्याने विचारलं, पाहुणे आलेत का. हो म्हटलं.

१३ मार्च

पुढचं दार उघडत नाही. मागचं उघडतं थोडं. मी जाऊ शकते. आई येत नाहीत.

आतल्या खोलीत आहेत त्या, त्यांच्यात. एकाचा हात एकाच्या खांद्यावर, असे रचलेत सगळे. मधे आई. बोलत असतात. पाणी दिलं. प्यायल्या. म्हणाल्या, तूही ये आत, जागा आहे.

जागा नाही.

सकाळी उडतात. एकदम. भिंतीला तडे. मग झोपतात सगळे. मग शांत.

१४ मार्च

आई गेल्या.

पहाटे. पलंगावर झोपल्या होत्या, कुशीवर. तो – तिथेच आला. त्यांच्याजवळ नाही. त्यांच्या जागी. त्या असताना.

क्षणभर दोघं एकच दिसले. त्यांनी डोळे उघडले. घाबरल्या नव्हत्या. त्याच्या नावाने हाक मारली. खरंच मारली, मी ऐकली.

मग सॉल्व्हरने

पुढचं लिहिणार नाही.

मी खोली पुसली. पुसता येईल तेवढी. स्वेटर सापडला, तो घडी करून ठेवला. मग इथे येऊन बसले. काही वाटतंय का बघत होते. मग वही उघडली.

१५ मार्च

मागचं दारही – आतून कुणीतरी टेकून आहे.

स्वयंपाकघरात टेबलाशी आहे. एवढीच जागा राहिली. भिंतीशी उभे, ओट्यावर, टेबलाखाली पाय. माझे कुठले ते बघावं लागतं.

खिडकीच्या जागी आभाळ आहे. तिथून निघता येईल. त्यांच्यावर चढून. थोड्या वेळाने चढेन.

उजाडतंय.

आई म्हणाल्या होत्या डावीकडे बस. सगळे माझ्याकडे बघताहेत. कुठेही बसले तरी कुणी ना कुणी –

आता हललं काहीतरी. टेबल.

डावा हात हलत नाही. वहीवर ठेवला होता. बोटं – माझी पाच, आणि त्यांच्यातून आणखी. बोटांत बोटं घालतात तशी नाही. बोटांच्या आत बोटं. निळी बाही माझ्या मनगटातून वर गेली आहे.

दुखत नाही.

ऊब आहे. खोली गार आहे आणि हाताला ऊब आहे. त्याच्या हाताची –

रडू आलं. आत्ता. कागद ओला होतोय, लिहिता येत

सोडवायला हवा. आधी मीच सोडवायला हवा, नाहीतर तो सॉल्व्हर दोघांना वेग